इटलीची गाडी अन् मांगची सीट

मी शाळेत गेलो नाई. म्हंजे घरून निंगो, पन शाळेच्या मांगच्या तलावावर जाऊन बसो. बाप तिथी मासोळ्याचं जाळं टाके. मास्तर मले शोधाले आले का मी पान्यात बुडी मारून नाक तेवढं वर ठेवो. अक्षरं शिकलो ते मंग डायवर झाल्यावर, रस्त्याच्या कडच्या दगडावरून. मूल, सिंदेवाही, आरमोरी, वडसा. म्हनून आजही गावाचं नाव मी झटक्यात वाचतो, अन् लगनाची पत्रिका हातात आली का चष्मा हरवल्याचं सोंग करतो.

पह्यले मी बांबूच्या ट्रकवर क्लीनर होतो. मंग चंद्रपुरात परकोटाच्या आतल्या एका डॉक्टरसायबाले डायवर पाह्यजे हाय असं आयकलं अन् गेलो. सायबानं इचारलं, "फियाट चालवली का बे कधी?"

"हाव. फियाटच चालवतो."

जिंदगीत मी फियाटच्या आत बसलो नोतो. सायेब बाजूले बसले. चाबी फिरवली, गाडी चालू झाली, तोवर मी राजा होतो. मंग गिअर टाकाले खाली हात घातला. ट्रकचा गिअर खाली असते, मले वाटलं सगळ्यायचाच असते. चाचपत गेलो, हाती काईतरी लागलं, ते धरून जोर लावला. ती सायबाची चप्पल होती, अन् सायबाचा पाय चपलीतच होता.

सायबानं पाय सोडवून घेतला अन् स्टेरिंगच्या बाजूचा दांडा दाखवला. "फियाटचा गिअर इथी असते, गड्या." मले वाटलं आता हाकलते. पन तो मानूस येवढा हासला का डोळ्यातून पानी आलं. म्हने, "खोटं बोलनारे लय पाह्यले. येवढ्या लवकर सापडनारा तूच. राह्य."

डॉक्टरसायेब धम्माची दीक्षा घेतलेल्या घरातले. त्यायचा बाप जिंदगीभर कोळशाच्या खदानीत खपला अन् पोराले नागपुरात शिकवलं. पोरगा डॉक्टर झाला, पन त्याले याड लागलं इटलीच्या गाड्यायचं. नागपूरले गेले का रद्दीवाल्याकडून परदेशी मोटारीचे मासिकं आनत. दवाखान्यात रोग्याची जीभ पाहाची टॉर्च अन् ते मासिकं टेबलाच्या एकाच खन्यात राहत. त्यायची फियाट मुंबईकडं कुठी बनली होती, दुधाच्या चहासारखा रंग. पन सायेब सांगत का हिचा आराखडा इटलीचा. मी मोहल्ल्यातल्या पोट्ट्यायले सांगो का गाडीच इटलीहून आली.

त्या गाडीत एक गोष्ट बिघडली होती, ते आताच सांगून ठेवतो. पुढच्या काचेचं माह्या बाजूचं वायपर चालत नोतं. बाजूच्या सीटपुढचं चाले. ते मीच मोडलं होतं, काचेवरची कावळ्याची घान त्यानं खरवडून. पान्याच्या दिवसात मी आख्खा सायबाच्या खांद्यावर कलून त्यायच्या बाजूच्या काचेतून रस्ता पाहो. लोकायले वाटे डायवरले झोप लागली.

पोंभुर्ण्याले बाजाराच्या दिवशी सायेब रोगी पाहाले जात. जंगलाचा रस्ता, सागाचे झाडं दोन्ही अंगानं. सायेब बाजूले बसून मासिक उघडत अन् मले सांगत.

"इटलीत एक शर्यत होती. हजार मैलाची. मैदानात नाई, तुह्यामाह्यासारख्या लोकायच्या रस्त्यावर. गावातून, चौकातून, देवळाफुडून. लोकं दारात उभे राहून पाहत."

"मंग म्हशी आडव्या आल्या तर?"

"म्हशी बांधून ठेवत असतीन."

"तिथल्या म्हशी शिकेल असतीन सायेब."

सायेब सांगत का त्या शर्यतीत लाहान गाड्या पह्यले सोडत, रातच्यालेच. मोठ्या दांडग्या गाड्या मांगून, पहाटं. आपल्या फियाटच्या खानदानातल्या लाहान गाड्याही त्यात पळाल्या होत्या. हे आयकून माही छाती फुगे. मले वाटे मीही त्याच खानदानातला हाव.

मंग एकदा सायबानं सांगतलं का ते शर्यत बंद कशी झाली. एका गाडीचा टायर फुटला अन् ते रस्त्याच्या कडच्या लोकायत गेली. लेकरंही होते. सायबानं मासिक मिटलं अन् पोंभुर्णा येतवर उघडलं नाई. मीही गाडी हळू घेतली.

पन सायबाले जास्त आवडे ते रॅली. रॅलीत सगळ्या गाड्या एकसंग पळत नाई. एकेक सोडतात. चालू रस्ता, घाट, बरफ, जंगल. हिमालयातही रॅली होते म्हने. जागोजागी नाके असतात, नाक्यावर थांबाचं, ठप्पा मारून घ्याचा, मंगच पुढं. एकदा त्यायनं मले फोटो दाखवला: इटलीची चौकोनी डब्यासारखी गाडी, चारी चाकं हवेत, खाली जमीन नाई, अन् बाजूले हात लांबवला तर लागतीन येवढे जवळ लोकं.

"हे गाडी कोन चालवून राह्यलं?" मी इचारलं. "दोघं दिसतात."

"रॅलीत दोघंच असतात. एक चालवते, दुसरा बाजूले बसून रस्ता सांगते. डावं वळन, उजवं वळन, पुढं पूल. कागदाच्या गुंडाळीवर आख्खा रस्ता लिव्हून नेत. बाजूवाला म्हनन तेच डायवरनं आयकाचं."

"मंग डायवर कायले पाह्यजे? दुसऱ्यालेच चालवू द्या ना."

सायेब म्हनले, "तुले समजाले वेळ लागन." लागला.

त्या फोटोनं माहं डोस्कं फिरलं. मूलच्या रस्त्यावर नाल्यावर एक उंच रपटा, म्हंजे फरशीचा पूल, होता. एक दिवस गाडी रिकामी असताना मी त्याच्यावरून चारी चाकं हवेत कराले गेलो. चाकं जमिनीवरच राह्यले. हवेत गेलो तो मी एकटा. टाळू छताले लागली अन् तोंडातला तंबाखूचा खर्रा आख्खा काचेवर.

आता माह्या बायकोबद्दल सांगतो.

लगनाले दोनेक वर्ष झाले होते. तिचं माहेर कुरखेड्याच्या अलीकडं, धानाचं गाव. बाप धानवाला अन् पटाचा शौकीन. आमच्या झाडीपट्टीत धान निंगाले का बैलाच्या जोड्यायचा पट, म्हंजे शर्यत, भरते, त्यात माह्या सासऱ्याची जोडी नाव राखून होती. बायको गरीब सोभावाची, कमी बोलनारी. मी जास्त बोलनारा. दोघायचं मस्त जमे, असं मले वाटे. मी सांज झाली का घरी येऊन हजार मैलाची शर्यत सांगो, रॅली सांगो, ते भाकरी थापत आयके. लगनात तिच्या आईनं देलेली फुलाची चादर मी गाडीवर झाके, का कावळ्यानं घान करू नये. तिनं भरून आनलेल्या पान्यानं गाडी धुवो. ते काई म्हने नाई. मी समजलो का तिलेही गाडी आवडते.

भाऊबिजेले सायबाले कुरखेड्याच्या एका दोस्ताले पुस्तकाचं खोकं पोचवाचं होतं. मले म्हनले, "बायकोलेही घेऊन जा, माहेरी सोडून दे, येताना घेऊन ये." मी तर हवेतच. सासरवाडीत पह्यल्यांदा मोटारीनं जाऊन राह्यलो होतो.

बाजूच्या सीटवर सायबाचं पुस्तकाचं खोकं ठेवलं, त्याले धक्का लागू नये म्हनून. बायकोले मांगं बसवलं. तिचं गठुडं अन् भावासाठी एक मोठा कोहळा, तेही मांगं.

गडचिरोली मांगं गेली. आरमोरीच्या अलीकडं जंगलखात्याचा नाका. आडवा बांबू लावेल. पुढं लाकडाचा एक ट्रक, त्याचं तपासनं चालू. मी गाडी उभी केली, इंजिन चालूच. नाक्याच्या बाजूले हातानं हापसाचं बोरिंग होतं. बायको म्हनली, "पानी पिऊन येतो." मी म्हनलं, "हाव."

मले याद हाय, मी हाव म्हनलं.

पन माहा जीव त्या बांबूत. मनात रॅली चालू झाली. हा नाका म्हंजे त्यायचा नाका, नाकेदार म्हंजे ठप्पेवाला, अन् बांबू उचलला का सुटाचं. ट्रक गेला. नाकेदारानं बांबू खाली आनला, मले पाह्यलं, अन् मंग उचलला. मी असा सुटलो का नाकेदाराची टोपी उडाली.

अन् बोलत सुटलो. "आता पाय, हे वळन कसं घेतो. रॅलीत वळनाच्या अगुदरच गाडी वाकडी करतात." मंग हजार मैलाची शर्यत सांगतली. मंग लाहान गाड्या पह्यले काऊन सोडतात ते. मंग इटलीतले लोकं काय खातात ते, जे मले मालूम नोतं, मनानंच सांगतलं. मांगून काई आवाज नाई. मले वाटलं, बायको आयकून राह्यली.

सासरवाडीत शिरलो ते हारन वाजवतच. आंगनात गाडी फिरवून उभी केली. कोंबड्या उडाल्या, घरातले सगळे बाहेर, शेजारचे कुंपनावर. मी उतरलो, शर्ट झटकला, मांगचं दार धरलं, नाटकातल्या प्रधानासारखा कंबरीत वाकलो अन् दार उघडलं. "उतरा, रानीसायेब!"

आत कोहळा होता.

गठुडं होतं, अन् कोहळा होता. मी वाकलेलाच राह्यलो. सासरा पुढं आला, आत डोकावला, कोहळ्यावर हात फिरवला.

"कोहळा झक्कास हाय, जवाईबापू," तो म्हनला. "पन आमी तुमाले पोरगी देली होती."

कुंपनावरचे हासले. सासू हासली नाई. तिनं इचारलं, "पोरगी कुठी हाय?"

"बोरिंगवर," मी म्हनलं.

गाडी परत फिरवली. आरमोरीच्या रस्त्यानं पळवली. अर्ध्यात एसटी आली समोरून, अन् खिडकीत माही बायको. मी हारन वाजवलं, हात बाहेर काढून हालवला. तिनं मले पाह्यलं, अन् तोंड जंगलाकडं केलं. मी गाडी पलटवून एसटीच्या मांगं लागलो. एसटीवाला काई पुढं जाऊ देईना. गाव येतवर मी त्याची धूळ खाल्ली, अन् दुसऱ्यांदा सासरवाडीत शिरलो तो त्याच्याच मांगून, हारन न वाजवता.

ते रागावली असती तर बरं झालं असतं. ते ओसरीवर बसली, पानी पेली, अन् मले हळूच इचारलं.

"कुठी गेल्यावर समजलं तुमाले?"

"इथी आल्यावर."

"मंग सारा रस्ता कोनासंग बोलत होते?"

"तुह्यासंग."

"अन् मी काय म्हनलं?"

"तू काई नाई म्हनली. मले वाटलं आयकून राह्यली."

"रोज तसंच वाटते तुमाले," ते म्हनली. "मी इथीच राह्यतो आता. तुमी जा. गाडी उन्हात हाय."

मी गेलो. अन् खरं सांगतो, जाताना गाडी उन्हात हाय म्हनून मले घाई होती. हे आता आठवलं का मलेच मांगून एक लात माराविशी वाटते, पन पाय पोचत नाई.

सायबाचं खोकं पोचवलं, अन् चंद्रपुरात एकट्यानं दिवस काढले. वरन लावलं तर करपे, भात लावला तर त्याची पेज होये, पेज कराले गेलो तर भात होये. सांजी मी घरच्या भितीले शर्यत सांगून पाह्यली. भितही बायकोसारखीच आयके, तवा मले पह्यल्यांदा कसंतरी झालं. सायबानं आयकलं तवा हासले नाई. येवढंच म्हनले, "जा, तिले भेट. अन् या वेळी तू बोलू नको."

मी एसटीनं गेलो. धान कापून झाले होते, मळनी चालू. बायको सूप घेऊन धान पाखडून राह्यली होती. मी न बोलता उभा राह्यलो. सायबानं सांगतलं होतं बोलू नको, मी बोललोच नाई. तिनं वाट पाह्यली, पाह्यली, अन् घरात निंगून गेली. मंग समजलं का सायबाचं म्हननं तसं नोतं.

सासरा खाटीवर बसून बैलायच्या गळ्यातल्या घंट्या पुसून राह्यला होता. त्याले माही कीव आली का मजा वाटली, देवाले मालूम. म्हने, "जवाईबापू, हे इटली कुठी हाय?"

"लय दूर. वडसाहून रेल्वे धरा लागते."

"तिथल्या गाड्या पळतात म्हने."

"हवेतून."

"मंग आना पटावर. एका दानीवर माही जोडी, दुसऱ्या दानीवर तुमची इटली." दान म्हंजे पटातला पळाचा रस्ता. आमच्याकडं दोन दानी बाजूबाजूले असतात अन् दोन जोड्या एकसंग सुटतात. "तुमी जितले तर पोरगी घेऊन जा. हारले तर सालभर इथी राहून बैलं चारा."

आतून बायकोचा आवाज आला. "बाबा, मी का पटाचं बक्षीस हाव?"

सासरा घंट्या पुसाले लागला.

ते दारात आली. "तुमी जिता नाईतर हारा. मी यीन तर माह्या मनानं यीन. नाई तर नाई." अन् मले पाहून म्हनली, "पन आना गाडी. मले पाहाचं हाय."

काय पाहाचं हाय, ते नाई सांगतलं. मले वाटलं मी जितलेला पाहाचा हाय.

सायबाले भीत भीत इचारलं. गाडी त्यायची, लाडाची. सायेब मासिक बाजूले ठेवून उभेच राह्यले. "बैल अन् इटली! असं तर कोन्या मासिकातही छापून आलं नसन. मीही येतो."

पटाच्या दिवशी शेताच्या बांध्यायमधे जत्रा. भजे, जिलेबी, फुगे. सांजच्या नाटकाचा मंडप उभा होऊन राह्यला होता. बांधाच्या धुऱ्यावर बाया, दानीच्या दोन्ही अंगानं मानसं. सायबाले पावना म्हनून मंचावर खुर्ची. खुर्चीवर बसाच्या अगुदर त्यायनं माईक घेतला अन् लोकायले म्हनलं, "भाऊ हो, मांगं सरका. अजून. लेकरायले मांगं घ्या. मोटार हाय, बैल नाई, बैलाले अक्कल असते." लोकं हासले अन् सरकले. सायेब हजार मैलाच्या शर्यतीतलं बोलून राह्यले, हे तिथी मलेच तेवढं मालूम होतं.

लाऊडस्पीकर ओरडला, "एका दानीवर आपल्या गावची नावाजेल जोडी! दुसऱ्या दानीवर चंद्रपूरची… आपलं, इटलीची… डॉक्टरसायबाची मोटार!"

सासरा सोता धुरकरी. म्हंजे छकड्यावर उभं राहून जोडी हाकनारा. येवढा बुढा, पन कासरे धरले का पोट्टा दिसे. त्यानं माह्याकडं पाहून मिशीले हात लावला. मी हारन वाजवलं. बैलायनं कान हालवले, बस.

आता एक गोष्ट, जे झाडीतल्या शेंबड्या लेकरालेही मालूम असते. दान बैलासाठी करतात. बैलाच्या खुराले दगड लागू नये म्हनून माती नांगरून, फोडून मऊ करतात. धूळ उडू नये म्हनून सकाळीच पानी मारतात. मी तलावाकाठी वाढलो, चिखलातच मोठा झालो. मले चिखल समजाले पाह्यजे होता. पन माह्या डोस्क्यात चारी चाकं हवेत होते.

झेंडी पडली. जोडी सुटली. मी पाय दाबला. मांगचे चाकं जागीच फिरले. माती मांगं येवढी उडाली का मंडप बांधनारे शिव्या देत पळाले. गाडी हातभर पुढं गेली अन् बसली. म्हैस बसते तशी, मांगून. अन् सासऱ्याची जोडी माह्या बाजूनं जाता जाता खुरानं चिखलाचा असा फवारा देऊन गेली का समोरची काच बंद. मले काईच दिसेना. फक्त आयकू आलं, दानीच्या दुसऱ्या टोकावर लोकं नाचून राह्यले.

लोकं पुढं येतीन या भेवानं मी ब्रेक लावला, असं मी कित्येक वर्ष सांगत होतो. ब्रेक लावला हे खरं हाय. पन तवा गाडी उभीच होती.

सासरा जोडी परत घेऊन आला. छकडा सोडला. दोर आनला, गाडीच्या पुढच्या बंपरले बांधला अन् जोडी जुंपली. "स्टेरिंग धरा, जवाईबापू. इटलीले बाहेर काढू."

"मामाजी, मले दिसून नाई राह्यलं."

मी वायपरचं बटन दाबलं. बाजूच्या सीटपुढचं वायपर खरखर करत हाललं अन् तिकडची काच साफ झाली. माह्याकडं चिखलच. मी कलून पाहाले गेलो, पन स्टेरिंग येवढं जड झालं होतं का दोन्ही हात लावा लागत होते, कलता येईना.

तेवढ्यात बाजूचं दार उघडलं. मले वाटलं सायेब आले. पाह्यलं तर बायको. धुऱ्यावरून उतरून, लुगडं खोचून, चिखलातून आली होती. सीटवर बसली, दार लावलं, अन् समोर पाह्यलं.

बाहेर आख्खा पट माना लांबवून पाहाले लागला.

"बाबा, हाका," ते ओरडली. मंग मले, "डावीकडं घ्या."

मी घेतलं.

"अजून. अवो अजून. ते माहं डावं."

"दोघायचं डावं एकच असते."

"मंग तेच घ्या ना."

घेतलं. बैलायनं खांदा देला, गाडी चिखलातून उठली, अन् आमी दानीवरून निंगालो. पुढं बुढा बैलाच्या बाजूनं चालून राह्यला, मांगं इटलीची गाडी. बायको सांगून राह्यली, "सरळ. सरळ. इथी खड्डा हाय, उजवीकडं थोडं. थोडं म्हनलं, येवढं नाई. सरळ." मी काईच पाहून नोतो राह्यलो, अन् गाडी बराबर जाऊन राह्यली होती. अन् माह्या ध्यानात आलं का मी इतक्या वेळात काईच बोललो नाई. तिचाच आवाज आयकून राह्यलो. येवढा वेळ तिचा आवाज मी लगनापासून आयकला नोता.

दानीच्या टोकावर झेंडीवाल्यानं मस्करीत आमाले झेंडी दाखवली. लोकायनं शिट्ट्या मारल्या. माईकवर सायेब कायतरी इंग्रजीत बोलले, कोनाले समजलं नाई, पन सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या.

सासरा खिडकीशी आला. घामानं चिंब. "हारले, जवाईबापू. बैलं चाराले कवापासून येता?"

मी बायकोकडं पाह्यलं. ते वायपरकडं पाहून राह्यली होती. "हे माह्याच बाजूचं चालते?" तिनं इचारलं.

"हाव."

"बरं हाय," ते म्हनली, अन् उतरून घराकडं गेली.

मी चाकाचा चिखल काढत बसलो. एक चाक झालं, दुसरं झालं. मले वाटलं सासरी बैलं चाराले एखादी जागा मिळतेच आता. तिसऱ्या चाकाशी होतो तवा ते आली. खाकेत गठुडं. मांगून सासू, तिच्या हातात कोहळा.

बायकोनं गठुडं मांगच्या सीटवर ठेवलं, सासूनं कोहळा ठेवला. सायेब बाजूच्या सीटवर बसाले आले तर तिथी बायको बसेल. ते उठाले लागली. सायेब म्हनले, "बस, बाई. रस्ता सांगनाऱ्याची जागा हाय ते," अन् मुकाट मांगं जाऊन कोहळ्याच्या बाजूले बसले.

मी चाबी फिरवली, अन् सवयीनं तोंड उघडलं. "तुले सांगतो, त्या हजार मैलाच्या शर्यतीत…"

"पुढं गाय हाय," ते म्हनली.

गाय होती.

आरमोरी गेली. नाका आला. उतरतं ऊन सागाच्या पानात, आडवा बांबू, तोच नाकेदार. त्यानं मले वळखलं अन् टोपी दोन्ही हातानं धरली.

बायको म्हनली, "पानी पिऊन येतो."

"हाव," मी म्हनलं.

ते थांबली. मंग हात लांबवला, चाबी फिरवून गाडी बंद केली, चाबी काढली अन् पदराच्या टोकाले गाठ मारून बांधली. मंग उतरली, अन् हळूहळू बोरिंगकडं गेली.

नाकेदारानं बांबू उचलला. मांगं बांबूचा ट्रक उभा होता, त्यानं हारन मारलं. मंग अजून मारलं. नाकेदार म्हने, "चाला ना भाऊ!"

"बस गड्या," मांगून सायेब म्हनले. कोहळा त्यायनं मांडीवर घेतला होता. "ठप्पा लागला नाई अजून."

मी दोन्ही हात स्टेरिंगवर ठेवले, अन् बोरिंगचा दांडा वरखाली होऊन राह्यला होता तिकडं पाहत बसलो.